पाव किलोची तीट

आजच्या ह्या समारंभाचे अध्यक्ष आणि सत्कार समितीचे आधारस्तंभ माननीय दाजी केरकर. सत्कारमूर्ती, बालरोगशास्त्रातले नामवंत प्राध्यापक आणि आपल्या मालवणचे सुपुत्र डॉ. गुरुदास हडकर सर. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले माझे डॉक्टर मित्र, आशाताई, परिचारिका भगिनी, सरांचे आप्तेष्ट. आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या सुभद्रा मयेकर सिस्टर, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सिस्टरांचं नाव मी वेगळं घेतलं तेव्हा दाजींनी भुवई उचललेली मला दिसली. दाजी, राहू दे. निमंत्रणपत्रिकेवर बेचाळीस नावं आहेत, त्यात मंडपवाल्याचंही आहे. त्रेचाळिसावं मी तोंडी घेतलं म्हणून कार्यक्रम काही लांबणार नाही.

मी डॉ. अजय परब. खाडीकाठच्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा वर्षं वैद्यकीय अधिकारी आहे. समितीने मला सांगितलं, "डॉक्टर, सरांच्या संशोधनाबद्दल तुम्हीच बोला. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शोधनिबंधावर तुमचंही नाव आहे." खरं आहे. चार लेखकांत तिसरं नाव माझं आहे. माझ्या बायकोने त्याचं पहिलं पान फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. गेल्या आठवड्यात मी ते काढलं. भिंतीवर चौकोन उमटलाय, तो तेवढा राहिलाय.

सरांनी आजवर एकशे त्रेसष्ट शोधनिबंध लिहिले. आपल्या गावातल्या माणसाने एवढं लिहावं, जगाने ते वाचावं, ही अभिमानाची गोष्ट आहे की नाही? आहे. टाळ्या वाजवा. वाजवा हो, संकोच कसला! नंतर कदाचित वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

आता त्या गाजलेल्या निबंधाविषयी. परदेशातल्या मोठ्या जर्नलमध्ये तो तीन वर्षांपूर्वी छापून आला. विषय असा, की आपल्या किनाऱ्यावरच्या नवजात बाळांचं वजन पहिल्या पंधरा दिवसांत कसं कमीजास्त होतं. आजवर अठ्ठावन्न निबंधांत त्याचा आधार घेतला गेलाय. ह्या निबंधाचं मूळ आपल्या एका उपकेंद्रातल्या वहीत आहे, आणि ती वही एकतीस वर्षं सुभद्रा सिस्टरांनी लिहिली. निबंधात त्यांचं नाव कुठे आहे म्हणाल तर कुठेच नाही. लेखकांत नाही, आभारांत नाही. आभार मानलेत ते संख्याशास्त्रज्ञाचे, इंग्रजी तपासणाऱ्याचे आणि सरांच्या सौभाग्यवतींचे. वहिनी, तुमच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

त्या वहीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ती सांगितल्याशिवाय गौरव पुरा होत नाही.

सिस्टर नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, हे त्यांचं काम. झोळीचा काटा खांद्याला लावून त्या देवबागकडच्या एका वाडीत गेल्या. दारात तुळसा आजी उभ्या. बाळ त्यांच्या सुनेचं. आजींनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोर काय सुरमय आसा, काट्यार घालूक?" आणि दार लावून घेतलं.

हसू आलं ना? मलाही पहिल्यांदा ऐकताना आलं होतं. पण आजींचं म्हणणं नीट ऐका. बारसं होईपर्यंत बाळाचं वजन मोठ्याने बोलायचं नाही, दिष्ट लागते, हा ह्या वाड्यांचा रिवाज. त्या वर्षी एकामागून एक दारं लागली. एका घरातलं बाळ अशक्त होतं, वजनाविना ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाराव्या दिवसाआधी ते गेलं. सिस्टर त्या घरी भेटायला गेल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर काटा होता. तो कुठे लपवावा हे त्यांना कळेना, म्हणून पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. हे त्यांनीच मला सांगितलंय.

मग त्या पुन्हा तुळसा आजींकडे गेल्या. म्हणाल्या, "आजी, मी मोठ्यान सांगतलंय ता पाव किलो कमी करून सांगतलंय. दिष्ट लावणाऱ्याक खरो आकडो गावाचोच नाय."

आजी चौथी शिकलेल्या. त्यांनी विचारलं, "आणि वहीत?"

"वहीतय तसोच. पण तेच्यार तीट लावतलंय."

तीट म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका, ती तीट. सिस्टरांनी ती आकड्याला लावली. तिसऱ्या दिवसाचं वजन, सातव्या दिवसाचं वजन, त्यातून पाव किलो वजा, आणि आकड्याच्या डोक्यावर काळ्या शाईचा एक गोल ठिपका. ठिपका दिसला की पाव किलो मिळवायचा. महिन्याच्या अहवालात त्या स्वतः मिळवून खरंच वजन पाठवत. बाराव्या दिवशी बारसं झालं, बाळाच्या गालाला खरी तीट लागली, की वहीतली तीट बंद.

आणि दारं उघडली. सगळी. एकतीस वर्षांत त्या उपकेंद्राच्या हद्दीत वजनाविना राहिलेलं एक बाळ मला दाखवा. आमच्या खात्याच्या सगळ्या पोस्टरांनी, रिक्षावरच्या सगळ्या भोंग्यांनी जे केलं नाही ते त्या एका ठिपक्याने केलं.

मी नवा आलो तेव्हा ती वही पाहून भडकलो होतो. सरकारी नोंदवहीत खोटं वजन! मी ओरडलो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरानु, माजो आकडो खोटो नाय. तेका तीट लावलेली आसा. आवशीन तीट लावली म्हणान पोर काळा जाता काय?" म्हटलं, चालू द्या. अधिकारी म्हणून मीच म्हटलं, चालू द्या. हे वाक्य आज मी माईकवर म्हणतोय, कारण मध्यंतरी मी ते विसरलो होतो.

(दाजी, चिठ्ठी मिळाली. 'आटोपते घ्या' लिहिलंय. घेतो. पण सरांचा गौरव अजून सुरूच व्हायचाय.)

चार वर्षांपूर्वी सर आमच्या केंद्रात आले. आले म्हणजे गाडीतून उतरले, चहा घेतला, सोलकढीची चौकशी केली आणि आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. तेजस्वीला, वह्यांचे फोटो काढायला ठेवून गेले. मुलगी गुणी. तिने दोन दिवसांत मोबाइलवर सगळ्या वह्या उतरवल्या. सिस्टर तेव्हा लसीकरणाला गेल्या होत्या. त्यांना विचारावं, थांबावं, असं कुणालाच वाटलं नाही. वही बोलते, मग वहीवाली कशाला हवी?

महिन्याभराने तेजस्वीचा मला फोन आला. माझ्या खोलीबाहेर पन्नास पेशंट उभे होते. ती म्हणाली, "सर, काही आकड्यांवर काळे ठिपके आहेत. ते काय आहेत?"

मंडळी, इथे माझं भाषण जरा अडतं. पाणी पितो.

मला उत्तर माहीत होतं. अर्ध्या मिनिटाचं उत्तर होतं. पण मला लाज वाटली. मोठ्या कॉलेजातल्या मुलीला, हडकर सरांच्या विद्यार्थिनीला काय सांगायचं? की आमच्याकडे सरकारी वही दिष्टीला घाबरते? आणि त्याला मी परवानगी दिली आहे? गावातून शिकून डॉक्टर झालेल्या माणसाला ही लाज कशी चावते, ते इथल्या अनेकांना ठाऊक असेल. शहरातल्या माणसासमोर आपण आपली भाषा बदलतो, चालणं बदलतो, आजीचं बोलणं चोरतो. मी म्हणालो, "शाईचे डाग असतील."

तेवढंच बोललो. पुढे जे झालं त्याला ते पुरलं.

जन्माचं वजन दवाखान्यातलं, म्हणजे खरं. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचं पाव किलो कमी. बाराव्या दिवसानंतरचं पुन्हा खरं. आलेख काढला तर काय दिसणार? आमची बाळं जन्मली की भराभर वाळतात, आठवडाभर तशीच राहतात आणि बारसं झालं की टुणकन वर उडी मारतात. जगात कुठलं बाळ अशी उडी मारतं हो? समोर दहा-बारा बालरोगतज्ज्ञ बसलेत, तुम्ही सांगा. पण सर आनंदले. काहीतरी वेगळं मिळालं! वेगळं मिळालं की छापून येतं. मग त्या उडीचं कारण शोधलं. मी शब्दशः मराठीत सांगतो. 'या समाजात मातांना पहिल्या बारा दिवसांत पुरेसं दूध येत नाही आणि नामकरणानंतर बाळाला वरचं दूध सुरू केलं जात असावं.'

असावं! सर, तुम्ही ह्याच गावचे. तुमच्या आईच्या हातची पेज खाऊन मोठे झालात. इथल्या एका, फक्त एका बाळंतिणीला विचारलं असतंत, की बाई, तुला दूध येतं का गो? तुळसा आजींनी तुम्हाला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं, आणि ते कुठल्याच जर्नलला छापता आलं नसतं.

निबंध तपासायला दोन तज्ज्ञांकडे गेला. नऊ महिने तिथेच राहिला. एकाने लिहिलं, संदर्भांच्या यादीत आणखी चार निबंध घाला. कुणाचे असतील, ओळखा. दुसऱ्याने इंग्रजी सुधारायला सांगितलं. आणि गंमत बघा, छापलेल्या निबंधात दुसरं चित्र म्हणून वहीचं एक पान आहे. 'हस्तलिखित नोंदवहीचे नमुना पान.' त्यावर सगळे ठिपके स्पष्ट दिसतात. सात आकडे, सात तिटी. तपासणाऱ्यांनी पाहिलं, संपादकांनी पाहिलं, अठ्ठावन्न निबंधवाल्यांनी पाहिलं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की डाग पडतात ते इतके गोल आणि बरोबर आकड्याच्या डोक्यावरच कसे पडतात?

अंतिम मसुदा मलाही ईमेलने आला होता. 'अठ्ठेचाळीस तासांत मान्यता कळवा.' मी उघडलाच नाही. लिहिलं, 'मान्य आहे सर, आभारी आहे.' हे घ्या, संशोधक म्हणून माझं एकूण योगदान. एक खोटं आणि एक न वाचता दिलेली मान्यता.

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे डॉक्टर, कागदावरची चूक, कागदावर राहिली. नाही राहिली.

निबंधाचा आधार घेऊन डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका निघाली. तीत एक ओळ आली, की ह्या किनाऱ्यावर तिसऱ्या दिवशी वजन घटलेलं दिसलं तर वरचं दूध सुरू करावं. तुळसा आजींची नातसून भक्ती एका खासगी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, रिया. तिसऱ्या दिवशी वजन जरा घटलं, सगळ्याच बाळांचं घटतं. डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं, पावडरचं दूध. त्यांचा दोष नाही, त्यांनी अद्ययावत संशोधन वाचलं होतं. आमचं. विहिरीच्या पाण्यात पावडर कालवली गेली. नवव्या दिवशी रियाला जुलाब लागले. सिस्टर सातव्या दिवसाचं राहिलेलं वजन करायला म्हणून गेल्या तर पोर निपचित पडलेली. त्यांनी काटा तिथेच टाकला, रिक्षा केली आणि पोरीला उराशी धरून तालुक्याला नेलं. अकरा दिवस सलाईन. बारसं राहिलं. भक्तीचं दूध आटलं ते पुन्हा आलं नाही.

रिया वाचली. ती बघा, सिस्टरांच्या शेजारी, आईच्या मांडीवर, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेची होडी करतेय. दोन वर्षांची झाली. पण भक्ती आजही मला विचारते, "डॉक्टर, माज्या अंगार दूध खरांच नाय होता काय?" मी काय सांगू तिला? की होतं गो बाय, भरपूर होतं, पण आम्ही चार शहाण्यांनी मिळून जगाला नाही म्हणून सांगितलं?

त्याच खासगी डॉक्टरांनी सिस्टरांना निबंध दाखवला. भल्या मनाने दाखवला, "सिस्टर, तुमच्याकडचंच आहे." सिस्टर ती प्रिंट घेऊन माझ्या ओपीडीत आल्या. दुसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "डॉक्टरानु, ह्या अक्षर माजा. ह्यो तीटी माज्यो. हेंनी पाव किलो मिळवक नाय?"

मी म्हटलं, "सिस्टर, जाऊ दे. बोललात तर वहीत कमी वजन लिहिल्याचं तुम्हालाच कबूल करावं लागेल. रिटायरमेंटला एक वर्ष राहिलंय. गप्प राहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि भक्तीचा चेडू?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्या टेबलावरून चहा न पिता कधी उठल्या नव्हत्या.

त्यांनी जर्नलला पत्र लिहिलं. मराठीत. इंग्रजी करून द्यायला मी वेळ नाही म्हटलं, म्हणून हायस्कूलच्या एका निवृत्त मास्तरांकडून करून घेतलं. पत्रात स्वतःविषयी पहिलीच ओळ होती, 'हे आकडे मी कमी करून लिहिले आहेत आणि त्याचं कारण पुढे देत आहे.' एवढं सरळ वाक्य मी सरांच्या एकशे त्रेसष्ट निबंधांत वाचलेलं नाही. अर्थात सगळे वाचलेले नाहीत. सगळे कुणीच वाचलेले नाहीत.

जर्नलच्या संगणकाने विचारलं, हुद्दा निवडा. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, विद्यार्थी, इतर. सिस्टरांनी 'इतर' निवडलं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं, आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. चाळीस मिनिटं! निबंध घ्यायला नऊ महिने लागले होते. पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, हरकतीची मुदत निबंध आल्यापासून बारा आठवडे असते. रियाचा जन्मच निबंधानंतर दहा महिन्यांनी झाला, तिने आधी कशी घ्यायची हरकत? तिसऱ्यांदा पाठवलं. मास्तर दमले, त्या दमल्या नाहीत. तेव्हा पत्र लेखकांकडे खुलाशासाठी आलं. म्हणजे सरांकडे.

सर, तुमचा खुलासा दोन वाक्यांचा आहे. मला पाठ आहे. 'पत्रलेखिका क्षेत्रीय कर्मचारी असून नोंदींत फेरफार केल्याची तिनेच कबुली दिली आहे. आमची पद्धत निर्दोष आहे.' आणि त्याची प्रत तुम्ही सिस्टरांच्या वरिष्ठ कार्यालयाला धाडलीत.

मला कुणीतरी समजावून सांगा. नोंदी खोट्या, म्हणून सिस्टर दोषी. आणि त्याच नोंदींवर उभा राहिलेला निबंध मात्र खरा. हे कसं जमतं? मी साधा एमबीबीएस माणूस, माझ्या डोक्यात हे शिरत नाही. मला राग आलाय, आणि तो मी गौरवाच्या भाषेत गुंडाळायचा बराच प्रयत्न केला. आता गुंडाळी सुटली. सर, तुम्ही चुकलात ह्याचा मला राग नाही, चूक माझ्या एका शब्दाने सुरू झाली. चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत, त्याचा राग आहे. एवढंसं पोर समोर असताना तुम्ही निबंध सांभाळलात.

(नाही दाजी, मी बसणार नाही. माईक बंद केलात तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. लहानपणी मी खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला हाका मारायचो.)

सिस्टरांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. चौकशी लागली. मागल्या महिन्याच्या एकतीस तारखेला त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही, चौकशी चालू असलेल्या माणसाला हार घालायला सगळेच घाबरले. मीही. संध्याकाळी त्यांनी उपकेंद्राची चावी माझ्या टेबलावर ठेवली, आणि वही ठेवली. त्यांच्या सेवापुस्तकात शेवटची नोंद आहे, 'अभिलेखात फेरफार केल्याबाबत चौकशी प्रलंबित.' एकतीस वर्षांत सुमारे चार हजार बाळांची वजनं, आणि शेवटी ही ओळ. ती ओळ पुसली जाणं, एवढंच त्यांना हवंय. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माका आनी काय नको. माज्या वहीत डाग नाय, इतक्या लिवन देवा."

चावी ठेवून त्या गेल्या आणि मी तेजस्वीला फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात बालरोगतज्ज्ञ आहे. मी तिला खरं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिने जुने फोटो उघडले, प्रत्येक ठिपक्याला पाव किलो मिळवला आणि आलेख पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी थोडं वजन कमी, चौदाव्या दिवसापर्यंत भरून आलेलं. उडी नाही, काही नाही. जगातल्या कुठल्याही अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळाचा आलेख. त्यात छापण्यासारखं काहीच नाही. आमच्या बायांना दूध येतं आणि आमची पोरं बरी आहेत, ह्याला कुठलं जर्नल विचारतंय?

आज सकाळी मी दोन पत्रं धाडली. एक चौकशी अधिकाऱ्यांना. त्यात लिहिलंय, की ठिपक्याची पद्धत माझ्या परवानगीने चालली, अहवाल कायम खरे गेले, नोटीस द्यायचीच तर मला द्या. दुसरं जर्नलला. त्याची पहिली ओळ, 'ते डाग नव्हते आणि मला ते माहीत होतं.' निबंध मागे घ्यावा, अशी विनंती आहे. तिच्यावर माझी सही आहे, तेजस्वीची आहे. चौथ्या लेखकांनी आपला किनारा बहुधा नकाशात पाहिला असावा, पण त्यांनीही परवा सही पाठवली, भल्या माणसाने. पण जर्नलचा नियम आहे, पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या मुख्य लेखकाची सही हवी. म्हणजे सर, फक्त तुमची.

समितीने सत्काराचं ताट सजवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. ते आता माझ्या मागे टेबलावर आहे. शाल आहे, श्रीफळ आहे. शालीच्या घडीत जर्नलच्या त्या पत्राची प्रत आहे, तिच्यावर सरांची सही हवी. तिच्यासोबत सिस्टरांची वहीही आहे, ठिपके जवळून बघता यावेत म्हणून. दाजी, आता खुशाल सत्कार करा. शाल मात्र उलगडूनच घाला.

समितीने मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल समितीचे आभार. आता ती बहुतेक पुन्हा करणार नाही. सभागृहाने ऐकून घेतलं, तुमचेही आभार. सिस्टर, तुमची माफी मागायला मला वर्ष लागलं, आणि तीही मी माईकमागे उभा राहून मागतोय. शक्य झालं तर माफ करा, नाही केलंत तरी चालेल. रिया, तुझी होडी छान झालीय गो.

आणि सर, उपस्थित सज्जनहो, ह्या व्यासपीठाला न शोभणारं मी बरंच बोललो असेन, ते पदरात घ्यावं. पण माझ्या बोलण्यात राग कुठे कमी भरला असेल, तर तो पुऱ्या वजनाचा समजू नये. त्यात वर पाव किलो मिळवून घ्यावा.